चिलटाच्या डोक्यावरून जुलैचे तापमान

वास्कोच्या हेडलँड सड्यावर राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे. खाली मुरगाव बंदर, वर अंगाला सदरा चिकटेल अशी दमट हवा, आणि संस्थेचे काम मात्र अंटार्क्टिकाचे आणि उत्तर ध्रुवाचे. उत्तर ध्रुवाजवळच्या स्वालबार बेटांवर ‘हिमाद्री’ हा भारताचा संशोधन तळ २००८ पासून ही संस्था चालवते. डिसेंबर २०२३ मध्ये तर सूर्य उगवतच नाही अशा दिवसांत तिथे पहिली हिवाळी मोहीमही निघाली. त्यामुळे ध्रुवाकडच्या बातम्यांना गोव्यातल्या पेपरांत बऱ्यापैकी जागा मिळते. त्यांतली एक बातमी थोड्याफार फरकाने पुन्हा पुन्हा येते: उत्तरेकडच्या एका तळ्यातल्या गाळावरून इतक्या हजार वर्षांपूर्वीचा उन्हाळा किती उबदार होता ते शास्त्रज्ञांनी काढले.

वाचणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. तेव्हा थर्मामीटर कुणी लावला होता?

कुणीच नाही. स्वालबारवर हवामानाच्या नियमित नोंदी सुरू झाल्या त्याच मुळी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. त्याआधीचे सगळे आकडे अनुमानाचे आहेत. तळे तापमान साठवत नाही. तिथे कोण राहत होते, एवढेच त्याच्या गाळात उरते; अंश सेल्सिअस आपण त्यावरून काढतो. हा काढण्याचा भाग बातमीत येत नाही, आणि खरी गंमत तिथेच आहे.

गाळच का, आणि उत्तरेचाच का

तळ्यात दरवर्षी वरून काहीतरी पडत असते: काठावरची माती, पाने, उडत आलेले परागकण, पाण्यात मेलेले किडे, शेवाळ. ते तळाशी बसते. पुढच्या वर्षीचे त्याच्यावर बसते. कुणी ढवळले नाही तर सगळ्यात खालचे सगळ्यात जुने, हा साधा हिशेब.

उत्तरेकडे असे न ढवळलेले तळे मिळण्याची शक्यता फार. शेवटच्या हिमयुगातला बर्फाचा थर साधारण पंधरा ते दहा हजार वर्षांपूर्वी मागे हटला आणि त्याने खरवडलेल्या खड्ड्यांत पाणी भरले. एकट्या फिनलंडमध्ये सुमारे १,८८,००० तळी आहेत. थंड पाणी, वर्षातले कितीतरी महिने वर बर्फाचे झाकण, आसपास माणसाची वस्ती नाही. गाळ इतका सावकाश साठतो की ध्रुवीय भागात शंभर वर्षांचा थर काही सेंटीमीटरच भरतो.

तो काढायचा तर बरेचदा हिवाळा संपता संपता जातात. बर्फ अजून जाड असतो, त्यावर उभे राहता येते, होडी हलण्याचा प्रश्न नाही. बर्फाला भोक पाडून पोकळ नळी तळात दाबतात आणि गाळासकट वर ओढतात. ही गाळाची उभी कांडी म्हणजे ‘गाभा’. प्रयोगशाळेत त्याच्या अर्ध्या किंवा एक सेंटीमीटरच्या चकत्या पाडतात. पुढचे सगळे या चकत्यांवर चालते.

डोके तेवढे उरते

तळ्यातले सगळेच काही टिकत नाही. मांस, पेशी, मऊ अंग कुजून जाते. ज्याचे कवच टणक ते उरते, आणि त्यात तापमानासाठी सगळ्यात उपयोगी ठरलेला प्राणी म्हणजे कायरोनॉमिड नावाचे चिलट. दिसायला डासासारखे, पण चावत नाही. संध्याकाळी पाण्याच्या काठावर यांचे थवेच्या थवे घोंगावतात. याची अळी तळातल्या चिखलात वाढते. ज्यांच्या घरी माशांची काचेची टाकी आहे त्यांनी ती पाहिलेली असणार: दुकानात ‘ब्लडवर्म’ म्हणून मिळणारे लालभडक खाद्य ते हेच. चिखलात प्राणवायू कमी, म्हणून यांतल्या बऱ्याच जातींच्या अंगात आपल्यासारखे हिमोग्लोबिन असते.

अळी वाढताना कात टाकते, आणि प्रत्येक वेळी डोक्याचे कवच मागे राहते. ते कायटिनचे असते, म्हणजे कोळंबीच्या सालात जो पदार्थ असतो त्याचेच. हजारो वर्षे ते गाळात जसेच्या तसे राहते.

प्रयोगशाळेत गाळाची चकती कॉस्टिक पोटॅशच्या सौम्य द्रावणात कोमट करतात, म्हणजे गोळे सुटतात. मग मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढ्या भोकांच्या चाळणीतून ती धुऊन घेतात. चाळणीवर उरलेला काळपट चोथा थोडा थोडा बशीत घ्यायचा, सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा आणि बारीक चिमट्याने एकेक डोके उचलायचे. डोके काचपट्टीवर ठेवताना हनुवटीची बाजू वर हवी, कारण ओळख दातांवरून पटते. अळीच्या तोंडाशी दातांची एक करवतीसारखी पट्टी असते. मधला दात एक की दोन, बाजूचे किती, त्यांची उंची कशी, यावरून प्रजाती ठरते, कधी तिच्यातली जातही. डोके उलटे बसले की दात झाकले जातात आणि मेहनत वाया. एका चकतीतून निदान पन्नास डोकी मिळाली तर आकडेमोडीला अर्थ राहतो. ध्रुवीय तळ्यात तेवढी मिळवायला कधी कधी अख्खा दिवस जातो. ‘गाळाच्या अभ्यासातून’ हे दोन शब्द पेपरात वाचताना ही मान मोडणारी मेहनत कुणाच्या डोळ्यांसमोर येत नाही.

डोक्यांवरून अंश कसे निघतात

पणजीच्या मासळी बाजारात नेहमी जाणाऱ्या माणसाला कॅलेंडर न पाहता महिना सांगता येतो. पाटीत शेवटे, काळुंदरे आणि खेकडेच दिसत असले, तर यांत्रिक होड्यांवरची १ जून ते ३१ जुलैची बंदी चालू आहे आणि मासळी खाडीतली आहे. बांगडे, तारल्यांचे ढीग लागले की समुद्र उघडला. एका माशावरून कुणी पैज लावणार नाही, पण अख्ख्या पाटीवरून लावील. हे त्याला जमते कारण कुठल्या महिन्यात काय येते ते त्याने वर्षानुवर्षे पाहिलेले आहे.

शास्त्रज्ञही आधी तेच करतात. कडाक्याच्या थंडीपासून बऱ्यापैकी उबेपर्यंत पसरलेली शेकडो तळी निवडतात. प्रत्येकातला सगळ्यात वरचा, म्हणजे आजचा, एक-दोन सेंटीमीटर गाळ घेऊन डोकी मोजतात. त्या त्या जागेचे जुलैचे सरासरी तापमान हवामान खात्याच्या नोंदींतून माहीत असतेच. यावरून कुठल्या चिलटाला किती ऊब मानवते त्याची यादी तयार होते. हेटेरोट्रिसोक्लॅडियस या प्रजातीतली काही चिलटे गारठ्याची, डिक्रोटेंडिपेस उबेतले, असे करत शंभरेक प्रकार. मग जुनी चकती घ्यायची, तिच्यात कोण किती प्रमाणात आहे ते पाहायचे आणि त्यांच्या आवडीच्या तापमानांची, संख्येप्रमाणे वजन देऊन, सरासरी काढायची. खरी सूत्रे याहून गुंतागुंतीची असतात, पण गाभ्यातले गणित एवढेच आहे.

जुलैच का? उत्तरेकडे तळे वर्षातला बराच काळ गोठलेले असते. अळीची वाढ आणि चिलट होऊन उडणे हे सगळे थोड्याशा उन्हाळ्यात उरकते. म्हणून या पद्धतीने उन्हाळा कळतो. हिवाळा किती कडक होता याबद्दल चिलटे जवळजवळ मुकी आहेत. बातमीत ‘तापमान’ असा मोघम शब्द येतो तेव्हा तो बहुतेक वेळा उन्हाळ्याचा असतो, हे ध्यानात ठेवलेले बरे.

चिलटावर पाण्याच्या खोलीचा परिणाम होत नाही का?

हा आक्षेप माझा नाही. १९९१ मध्ये कॅनडातल्या इअन वॉकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चिलटांवरून तापमान काढण्याची पद्धत मांडली, तेव्हा याच विषयातल्या जाणकारांनी तो घेतला होता. चिलटाला फक्त ऊब लागते असे थोडेच आहे. खोली, प्राणवायू, पाण्यातली पोषकद्रव्ये, सगळेच त्याला लागते. तळे गाळाने उथळ झाले म्हणून जाती बदलल्या, आणि तुम्ही म्हणाल की हवा तापली!

आक्षेप खरा होता आणि अजूनही पूर्ण मिटलेला नाही. त्यावर उपाय म्हणजे शेजारपाजारची वेगवेगळ्या खोलीची तळी घेणे. सगळ्यांत एकाच काळी बदल दिसला तर कारण एकट्या तळ्यातले नसणार. दुसरा उपाय, त्याच चकतीतल्या इतर अवशेषांना विचारणे. आणि तिसरा, चूक किती होऊ शकते ते आकड्यासोबत सांगणे. ही चूक साधारण एक ते दीड अंशाची धरतात. म्हणजे हिमयुग संपतानाचे कित्येक अंशांचे चढउतार चिलटांवरून ठळक दिसतात, पण गेल्या पन्नास वर्षांतली अर्ध्या अंशाची वाढ एकाच तळ्यातल्या डोक्यांवरून सिद्ध करायला कुणी निघाला तर त्याच्यावर विश्वास ठेवू नये. शोधनिबंधात ही अधिक-उणे एक-दीड अंशाची शेपटी असतेच. पेपरात पोहोचेपर्यंत ती गळून पडते, ही माझी जुनी तक्रार.

वाऱ्याने आलेले आणि जागचे

इतर अवशेषांत सगळ्यात जुना मान परागकणांचा. त्यांचे बाहेरचे कवच इतके चिवट असते की परागकण सुटे करायला गाळ आम्लात उकळावा लागतो, तरी कवच राहते. १९१६ मध्ये लेनार्ट फॉन पोस्ट या स्वीडिश भूवैज्ञानिकाने थराथरातले परागकण मोजून जंगल कसे बदलत गेले याचा आलेख मांडला, आणि आजही पद्धत तीच आहे.

पण परागकण उडतो. पाइनच्या परागकणाला तर हवेच्या दोन पिशव्याच असतात. तो शेकडो किलोमीटर जातो. एकही झाड नसलेल्या स्वालबारच्या गाळात पाइनचे परागकण मिळतात. पणजीच्या पाटीत ऐन बंदीतही परराज्यातून बर्फात घातलेला बांगडा दिसतो, तसेच हे. जाणकार गिऱ्हाईक तो बाजूला ठेवून अंदाज करते. इथे त्यासाठी पाने, बिया, सुया असे जड अवशेष पाहतात, कारण ते फार लांबून येत नाहीत. सुमारे १२,९०० ते ११,७०० वर्षांपूर्वी उत्तर गोलार्धात थंडी एकाएकी परतली होती, त्या काळाला ‘यंगर ड्रायस’ म्हणतात. ड्रायस हे बर्फाळ मुलखातले पांढऱ्या फुलाचे बुटके झुडूप. आता जिथे ते उगवत नाही अशा डेन्मार्क आणि दक्षिण स्वीडनच्या चिकणमातीत त्याची पाने सापडली, म्हणून हे नाव.

तिसरे डायटम. हे एकपेशीय शेवाळ काचेसारख्या सिलिकाच्या नक्षीदार डबीत राहते. डायटमना पाण्याच्या आम्लतेचे फार कळते. स्कॉटलंडमध्ये राउंड लॉक ऑफ ग्लेनहेड नावाचे तळे आहे. १९८० च्या दशकात तिथल्या गाळावरून दिसले की एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून आम्लात तग धरणारे डायटम वाढत गेले. तोवर तळी आम्ल होण्याचा दोष नव्या लावलेल्या जंगलांवर ढकलला जात होता. या तळ्याभोवती जंगल लावलेलेच नव्हते. कोळशाच्या धुरामुळे पडणाऱ्या आम्ल पावसाकडे बोट दाखवायला तो पुरावा फार कामी आला.

कॅनडाच्या एल्समियर बेटावरचे उदाहरण मला सगळ्यात बोलके वाटते. तिथल्या केप हर्शेलच्या उथळ तळ्यांत मेरिअन डग्लस आणि जॉन स्मोल यांना हजारो वर्षांच्या गाळात डायटमची तीच ती मोजकी मंडळी दिसली, आणि एकोणिसाव्या शतकात अचानक नव्या जातींची गर्दी. कारण समजायला सोपे आहे: बर्फाचे झाकण लवकर निघू लागले, काठावर शेवाळे वाढली, राहायला नव्या जागा झाल्या. हा निष्कर्ष १९९४ चा. ते पुढेही तिथे जात राहिले. २००६ च्या जुलैत त्यांतली काही तळी कोरडी ठणठणीत होती. गाळ सांगत होता की हजारो वर्षांत ती आटली नव्हती.

वय कसे ठरवतात

हे थोडक्यात उरकतो. जुन्या गाळासाठी किरणोत्सारी कार्बन: सजीव मेला की त्यातला कार्बन-१४ दर ५,७३० वर्षांनी निम्मा होतो, आणि साधारण पन्नास हजार वर्षांपर्यंत मोजता येतो. त्यासाठी जमिनीवरच्या वनस्पतीचे पान मिळाले तर उत्तम. पाण्यातली वनस्पती चुनखडीतला जुनाट कार्बन पिऊन बसलेली असते आणि स्वतःचे वय वाढवून सांगते. गेल्या दीडशे वर्षांसाठी शिसे-२१०, जे दर २२ वर्षांनी निम्मे होते. शिवाय अणुचाचण्यांचा सीझियम १९६३ च्या थरात सर्वाधिक सापडतो, युरोपात १९८६ च्या चेर्नोबिलचाही. नॉर्वेच्या तळ्यांत तर आइसलँडच्या एका ज्वालामुखीची सुमारे १२,१०० वर्षांपूर्वीची राख मिळते. ती दोन तळ्यांत सापडली की ते दोन थर एकाच काळचे, वाद नाही.

हवामान तर नेहमीच बदलत आले आहे, मग?

हो, आले आहे. आणि ते आपल्याला या गाळानेच सांगितले. म्हणून गाळ पुढे काय म्हणतो तेही ऐकून घ्यावे.

नऊ-दहा हजार वर्षांपूर्वी उत्तरेचे उन्हाळे तापायला सबळ कारण होते. तेव्हा पृथ्वी उत्तर गोलार्धातल्या उन्हाळ्यात सूर्याच्या सर्वांत जवळ असे. आता ती सर्वांत जवळ येते जानेवारीच्या सुरुवातीला. मधल्या हजारो वर्षांत ध्रुवाकडचे उन्हाळ्यातले ऊन हळूहळू कमी होत गेले आणि तळीही गार होत गेली. २००९ मध्ये डॅरेल कॉफमन आणि सहकाऱ्यांनी ध्रुवीय तळ्यांचा गाळ, झाडांची वलये आणि बर्फ यांच्या नोंदी एकत्र मांडल्या. दोन हजार वर्षे सावकाश खाली जाणारी रेघ विसाव्या शतकात वर वळलेली दिसली. पृथ्वीच्या भ्रमणातल्या या संथ बदलाची दिशा तर पालटलेली नाही. त्या हिशेबाने आजही गारवाच वाढायला हवा. ‘हे सगळे निसर्गाचेच चक्र’ म्हणणाऱ्याला मी हाच प्रश्न विचारतो: कुठले चक्र? माहीत असलेले चक्र तर उलट्या दिशेला फिरते आहे.

आणखी मागे जायचे तर ईशान्य सैबेरियात एल्गिगित्गिन तळे आहे. ३६ लाख वर्षांपूर्वी उल्का पडून झालेल्या खड्ड्यात ते साचले, आणि बर्फाच्या थराने कधी खरवडले गेले नाही. २००९ मध्ये तिथे खोल गाभा काढला. सर्वांत खालच्या थरांतल्या परागकणांवरून कळले की आज जिथे झाड नाही तिथे तेव्हा जंगल होते आणि उन्हाळे आजच्यापेक्षा सुमारे ८ अंशांनी उबदार. त्या काळी हवेतला कार्बन डायऑक्साइड दहा लाख भागांत ४०० च्या आसपास होता असा अंदाज आहे. आज तो ४२० च्या वर गेला आहे. याचा अर्थ सैबेरियात उद्या जंगल उगवेल असा नाही, कारण बर्फ आणि समुद्र यांना बदलायला शतके लागतात.

मग गोव्यातल्या मयेच्या तळ्यात नळी का घालत नाहीत?

घालता येईल, पण मिळेल ते वेगळे. आपली बरीच तळी माणसाने शेतीसाठी बांधलेली किंवा वाढवलेली आहेत. पाणी सोडले जाते, गाळ उपसला जातो, गुरे उतरतात, कडक उन्हाळ्यात तळ उघडा पडतो. डिचोलीच्या खाणपट्ट्याजवळच्या तळ्यात जाड लाल थर सापडला तर त्यावरून हवामान कळणार नाही, खाणीचा धंदा कधी वाढला ते कळेल. शिवाय इथे मे आणि जानेवारीच्या तापमानातच मोठा फरक नाही; चिलटांची निवड काय होणार? आपल्याकडे विचारण्याजोगा प्रश्न पावसाचा.

पावसासाठीही तळी बोलतात. हरयाणातल्या कोटला दाहर या आटलेल्या तळ्यातले गोगलगायींचे शंख २०१४ मध्ये तपासले गेले. पाऊस घटून पाणी आटू लागले की हलका ऑक्सिजन वाफेबरोबर जातो, जड मागे राहतो, आणि तोच शंखात बसतो. त्यावरून दिसले की सुमारे ४,१०० वर्षांपूर्वी तिथला मोसमी पाऊस एकाएकी क्षीण झाला.

गोव्यापुरते हे काम समुद्र करतो. जूनमध्ये नैऋत्येचा वारा जोरात सुटला की अरबी समुद्रात खालचे गार, सकस पाणी वर येते आणि ग्लोबिजेरिना बुलॉइडिस नावाचा चुन्याच्या कवचाचा सूक्ष्म जीव मुबलक वाढतो. तळाच्या गाळात त्याची कवचे जास्त तर वारा जोराचा, हा ठोकताळा जगभर वापरला जातो. दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत अशा कवचांवर कित्येक वर्षे काम चालू आहे.

ध्रुवाचा आणि आपल्या पावसाचा संबंधही अशाच गाळात सापडला. पाकिस्तानच्या किनाऱ्यापुढच्या समुद्रतळात काही थर बारीक रेघारेघांचे आहेत, काही ढवळलेले. मोसमी वारा जोराचा असला की वर जीव फार वाढतात, मरून खाली पडतात, कुजताना प्राणवायू संपवतात. मग तळाशी किडे जगत नाहीत आणि रेघा शाबूत राहतात. वारा मंद झाला की तळाला प्राणवायू मिळतो आणि किडे चिखल ढवळतात. १९९८ मध्ये ही रेघांची आणि ढवळाढवळीची मालिका ग्रीनलंडच्या बर्फातल्या नोंदींशी ताडून पाहिली, १,१०,००० वर्षांपर्यंत. ग्रीनलंड गारठले की इथला गाळ ढवळलेला, ग्रीनलंड उबदार तर इथे रेघा. यावरून पुढच्या वर्षी गोव्यात पाऊस किती पडेल ते कुणालाच सांगता येणार नाही, आणि तसे सांगणारी बातमी दिसली तर ती गाळातून आलेली नाही.